येऊ दे, येऊ दे

इंग्रजी न शिकता इंग्रजीवर हुकूमत गाजवणारी माणसं खानदेशात गावोगाव भेटतात. त्यांतली सगळ्यांत ठाम जात एस.टी.च्या निवृत्त कंडक्टरांची. आमच्या धुळ्याच्या देवपुरातले जिभाऊ त्या जातीचे. त्यांचं नाव-आडनाव सांगण्यात अर्थ नाही. पारोळ्याला, अमळनेरला, चोपड्याला तुमच्याही ओळखीत असा एक गृहस्थ असणार. तिथे त्याला आप्पा, नाना नाहीतर बापू म्हणत असतील, एवढाच फरक. जिभाऊंची सगळी नोकरी धुळे-जळगाव मार्गावर गेलेली. खाकी उतरवून काही वर्षं झाली, पण चामडी पिशवीनं एका बाजूला ओढलेला खांदा अजून सरळ झालेला नाही. चहाच्या टपरीवरही ते बाकाच्या कडेला टेकतात, अर्धे उभे. पुढचा स्टॉप कधी येईल याचा नेम नाही.

जिभाऊंचं इंग्रजी तीन शब्दांवर चालतं: चेंज, रिटर्न आणि रिव्हर्स. जगात जे काही बदलतं, फिरतं, उलटतं किंवा माघारी येतं, ते या तिघांपैकी एकात बसलंच पाहिजे. आपल्यासारख्यांना हे शब्द थोडेफार सारखे वाटतात, पण तसं त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही. "फागण्यानं तिकीट मुकटीले चालस का?" ते आपल्या मार्गावरचे दोन थांबे घेऊन विचारतात. चालत नाही. मग शब्द तरी कसा चालेल?

चेंज म्हणजे आधी सुट्टे. बाकीचे अर्थ नंतर आले आणि ते उभ्यानं प्रवास करतात. एकदा एका स्थळाकडे मुलगी बघायला गेले असता आतून निरोप आला, "पाचच मिनिटं, मुलगी चेंज करतेय." जिभाऊंनी खिशात हात घालून विचारलं, "कितीचे पाहिजेत?" सवय हाडात मुरलेली. सुट्ट्यांपायी कंडक्टर आणि प्रवासी यांच्यात जितकं बोलणं झालंय, तितकं या दोन जिल्ह्यांत दुसऱ्या कुठल्याही विषयावर झालं नसेल. सुट्टे नसले की तिकिटाच्या पाठीवर आकडा लिहून द्यायचा आणि म्हणायचं, "उतरताना घ्या." प्रवासी झोपेत उतरतो, तिकीट खिडकीतून उडतं आणि हिशेब कंडक्टरच्या छातीवर राहतो. पुष्कळ कंडक्टरांची छाती याबाबतीत मोठी असते. जिभाऊंची नव्हती. एरंडोलच्या एका लग्नात पंगतीत बुंदी वाढणाऱ्या गृहस्थाचा त्यांनी मधेच हात धरला, खिशातून दोन रुपये काढून तळव्यावर ठेवले आणि म्हणाले, "तुम्हनं चेंज." त्यानं ते आहेर समजून वहीत लिहून घेतलं. वहीत जिभाऊंच्या नावापुढे दोन रुपये बघून वधूपित्याच्या घरात वर्षभर चर्चा चालू होती म्हणतात.

30 जून 2011 ला चार आण्याचं नाणं कायमचं गेलं, त्या दिवशी जिभाऊंनी दाढी केली नाही. पुढे दहाचं नाणं खोटं आहे अशी अफवा उठली. रिझर्व्ह बँक सांगून दमली की सगळी नाणी खरी आहेत, तरी खेड्यातली माणसं ते हातात घेईनात. जिभाऊंनी त्यावर उपाय काढला होता. नाणं देताना ते आधी स्वतःच्या कपाळाला लावत. देवाला लावलेलं नाणं परत करायची पारोळा तालुक्यात कोणाची हिंमत झाली नाही.

2018 मध्ये तिकिटं पाचच्या पटीत झाली तेव्हा त्यांना आपल्या खात्याचा अभिमान वाटला. जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के भाडेवाढ झाली तेव्हा ते घरी बसलेले होते, पण बातमी त्यांना लागली. पेपर गुडघ्यावर ठेवून बराच वेळ ते त्या आकड्याकडे बघत राहिले. "सरळ पंधरा करतात," ते म्हणाले, "अन् पाच पैसे उतरताना घ्या म्हणतात."

पण त्यांच्या कारकिर्दीचा कळस 2016 चा. 8 नोव्हेंबरच्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या आणि सरकारी बसमध्ये मात्र आणखी काही दिवस चालतील असं जाहीर झालं. सकाळच्या पहिल्या गाडीला धुळ्याच्या स्टँडवर जत्रा लोटली. ज्यांना जळगावला जायचं होतं ते चढले आणि ज्यांना कुठेच जायचं नव्हतं तेही चढले. फागण्याच्या तिकिटासाठी अख्ख्या गाडीनं पाचशेच्या नोटा काढल्या. पिशवीतले सुट्टे शहराची हद्द ओलांडायच्या आतच संपले. मग तिकिटांच्या पाठी सुरू झाल्या: बाकी चारशे नव्वद, बाकी चारशे ऐंशी, खाली सही. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचं वचन छापलेलं असतं. त्या आठवड्यात धुळे-जळगाव मार्गावर जिभाऊंचं चाललं. मुकटीच्या एका किराणा दुकानदारानं तसलं तिकीट घेऊन साखर दिल्याचं ते स्वतः सांगतात. खरंखोटं दुकानदार जाणे.

चेंजचा आणखी एक अर्थ त्यांच्याकडे आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यांत खोल आहे. पूर्वी गाडीच्या कपाळावर लाकडी किंवा पत्र्याची पाटी असायची, एका बाजूला धुळे-जळगाव, दुसऱ्या बाजूला जळगाव-धुळे. जळगावच्या स्टँडवर प्रवासी उतरले की ड्रायव्हर चहाला जायचा आणि कंडक्टर पाटी फिरवायचा. गाडी तीच, सीटमधून बाहेर आलेला काथ्याही तोच, पण पाटी फिरली की ती वेगळी गाडी. जगातला निम्माअधिक बदल याच प्रकारचा असतो असं जिभाऊंचं मत आहे आणि दाखले त्यांच्या घरातच आहेत. त्यांचे आजोबा अखंड खानदेशात जन्मले. 1906 मध्ये इंग्रजांनी खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, तेव्हा आजोबा पश्चिम खानदेशात गेले, ओट्यावरून न उठता. 1960 मध्ये पश्चिम खानदेशचा धुळे जिल्हा झाला, पूर्वेचा जळगाव. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळं निघालं आणि जिभाऊंची शहाद्याची आत्या एका रात्रीत परजिल्ह्यातली झाली. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. ज्या हायवेवर यांची हयात गेली तो सहा नंबरचा होता, तो त्रेपन्न नंबरचा झाला. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं, ते मात्र त्यांना मनापासून आवडलं. पाटी फिरवावी तर अशी, म्हणाले. एखादा पुढारी सकाळी एका पक्षात आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षात दिसला की टपरीवर सगळे तावातावानं बोलतात, जिभाऊ बशीतला चहा फुंकत असतात. "गाडी तीज, ड्रायव्हर तोज," ते म्हणतात, "पाटी फिरनी."

शब्दांची मुळं खणून काढणारे इतिहासाचार्य राजवाडे याच धुळ्यात 1926 च्या शेवटच्या दिवशी वारले. धातूंच्या व्युत्पत्ती लावण्यात त्यांनी आयुष्य घातलं. त्यांची आणि जिभाऊंची गाठ पडती तर काय झालं असतं याची मला कधी कधी धास्ती वाटते. दोघांनाही दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नव्हती.

रिटर्नचं प्रकरण मात्र भावनेचं आहे. सकाळी निघालेली गाडी संध्याकाळी डेपोत परत आली, हे रिटर्न. वाटेत पारोळ्याच्या अलीकडे टायर फुटला नाही, कोणी वांती केली नाही, कॅश जुळली आणि बायकोनं टाकलेली भाकरी गरम असताना घरी पोचलो. म्हणून रिटर्न हा शब्द त्यांच्या तोंडी नेहमी समाधानानं येतो आणि त्यातून भानगडी होतात. शेजारचे कापूस व्यापारी एकदा डोकं धरून बसले होते. जिभाऊंनी विचारलं काय झालं. ते म्हणाले, पार्टीचा चेक रिटर्न आला. जिभाऊंचा चेहरा उजळला. "सुखरूप उना ना? मंग बठा निवांत!" व्यापारी पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मुलानं सांगितलं, यंदा इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायचंय, तर यांचा प्रश्न, "गया कव्हय व्हता तो?" गेलेलंच नाही ते रिटर्न कसं? नातवाच्या मित्राच्या वाढदिवसाला गेले, तिथून रिटर्न गिफ्ट म्हणून कंपासपेटी मिळाली. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन त्या घरी हजर. रिटर्न करायला आलो, म्हणाले. त्या बाईंनी ती घेतलीही. धुळ्यात माणसं समजूतदार आहेत.

2023 च्या मे महिन्यात दोन हजारची नोट परत घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्या टपरीनं ओरड केली की पुन्हा नोटाबंदी. जिभाऊ शांत. ही रिटर्न आहे, त्यांनी निकाल दिला. डेपोतून निघाली होती, डेपोत चालली. चार महिने मुदत आहे, जागेवर बसून घ्या. 2016 चं मात्र रिव्हर्स होतं.

इथे त्यांचा आवाज खाली येतो. रिव्हर्सबद्दल ते चेष्टा करत नाहीत.

पुढे जायला ड्रायव्हर पुरतो. समोर काच आहे, आरसा आहे, हॉर्न आहे. मागे यायचं म्हटलं की ड्रायव्हर आंधळा. तेव्हा कंडक्टर उतरतो, गाडीच्या मागे, ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असा उभा राहतो, एका हातानं पत्र्यावर थाप मारतो आणि ओरडतो, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... हां, बस!" थापांची लय चुकली तर मागची केळीची गाडी आडवी. जळगावच्या स्टँडवर दिवाळीच्या गर्दीत, पोरंटोरं चाकामागून पळत असताना, जिभाऊंनी ज्या गाड्या मागे आणवल्या त्यांतल्या एकीचाही कोणाला धक्का लागला नाही. पगार तिकिटं फाडण्याचा मिळत होता. हे काम त्यांनी फुकट आणि मनापासून केलं. त्यामुळे कुठेही काहीही रिव्हर्स झाल्याची बातमी आली की त्यांचा एकच सवाल असतो: "मांगे कोन उभा व्हता?"

हायकोर्टानं खालच्या कोर्टाचा निकाल फिरवला: मांगे कोन उभा व्हता? बीसीसीआयच्या कोणत्याशा ठरावाचं उलटं झालं: मांगे कोन उभा व्हता? नोटाबंदीत बँकेतून नोटा बदलायची मर्यादा आधी 4,000 होती, मग 4,500 झाली, मग 2,000 वर आली आणि 24 नोव्हेंबरनंतर बदलून देणंच थांबलं. "बघा," जिभाऊ म्हणतात, "पुढे-मागे, पुढे-मागे. गाडी ठोकत होती अन् मागे थाप मारणारा कोणी नव्हता." अर्थशास्त्रावर मी वाचलेल्या काही लेखांपेक्षा हे बरंच कळण्यासारखं आहे.

शेतातल्या रिव्हर्सचाही त्यांना अनुभव आहे. गावाकडे बोअरवर थ्री-फेज मोटार आहे. एकदा वीजवाले लाइन दुरुस्त करून गेल्यावर मोटार सुरू झाली, गुरगुरू लागली, पण पाणी करंगळीएवढं. दोन दिवस सगळा गाव बोअर आटला म्हणून हळहळला. भुसावळकडचा एक वायरमन पाहुणा आला होता, त्यानं सांगितलं की फेज उलटी लागली, मोटार रिव्हर्स फिरतेय. तीनपैकी कुठल्याही दोन वायरी एकमेकींच्या जागी लावा. लावल्या, तसं पाणी धो धो आलं. गावानं वायरमनला डोक्यावर घेतलं. जिभाऊ मात्र खट्टू होते. दोन दिवस मोटार रिव्हर्समध्ये होती आणि आपल्याला आवाजावरून कळलं नाही, ही बोच त्यांना पुरा पावसाळाभर होती.

याच तत्त्वानं त्यांनी भूगोल आणि रेल्वेही मार्गी लावली आहे. दख्खनच्या मोठ्या नद्या पूर्वेला जातात, गोदावरी घ्या, कृष्णा घ्या. आपली तापी मुलताईहून निघते आणि पश्चिमेला, सुरतेकडे. म्हणजे रिव्हर्स. मागे कोण उभं आहे? सातपुडा. हे उत्तर त्यांनी इतक्या गंभीरपणे दिलं की मी नकाशा काढून बघितला आणि सातपुडा मागे नाही, बाजूला उभा असला तरी गप्प बसलो. धुळ्याची रेल्वे तर जन्मापासून रिव्हर्समध्ये. चाळीसगावहून फाटा येतो आणि धुळ्यात संपतो; आलेल्या गाडीला माघारीच जावं लागतं. पूर्वी इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावत, तो सोहळा बघायला जिभाऊ लहानपणी सायकलवरून जात. आता मेमू आली, तिला दोन्हीकडे तोंड, त्यामुळे सोहळा संपला. मनमाड-इंदूर मार्गाला 2024 मध्ये केंद्रानं मंजुरी दिली, तो धुळ्यावरून जाणार म्हटल्यावर सगळं शहर खूश झालं. जिभाऊंना एक चिंता लागली. गाडी धुळ्याहून सरळ पुढे निघून गेली, तर धुळ्याचा माणूस रिटर्न कसा येणार?

त्यांची खरी झुंज झाली ती मुलाच्या जीएसटी सल्लागाराशी. मुलाचा जळगावला पीव्हीसी पाइपांचा छोटा व्यापार आहे. सल्लागार बिचारा समजावत होता की ट्रकभाड्यावर काही वेळा रिव्हर्स चार्ज लागतो; म्हणजे सेवा देणारा कर गोळा करत नाही, घेणाऱ्यानंच तो थेट सरकारजमा करायचा. जिभाऊ कोपऱ्यात सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"म्हणजे तिकीट प्रवाशानंच फाडायचं?"

"एका अर्थी हो, काका."

"अन् पैसे त्यानंच डेपोत नेऊन भरायचे?"

"हो."

"मंग कंडक्टर कसाले?"

सल्लागार म्हणाला, कंडक्टरची गरजच नाही, तीच तर गंमत आहे. त्याला माहीत नव्हतं की त्यानं कुठे बोट घातलं. एस.टी.नं मध्ये काही मार्गांवर विनावाहक गाड्या सुरू केल्या. स्टँडवरच तिकिटं फाडायची, मधे थांबा नाही, गाडीत फक्त ड्रायव्हर. त्या गाड्यांचा विषय घरात काढायचा नाही असा दंडक आहे. "विनावाहक गाडी मागे कशी घेतात, सांगा," जिभाऊ त्या तरुणावर कडाडले. "कोण उतरतो? कोण थाप मारतो?" सल्लागारानं घाईघाईत फाइल आवरली. फाटकापर्यंत त्याला सोडायला जिभाऊ स्वतः गेले आणि त्याची मोटरसायकल दोन थापा मारून रीतसर मागे आणवून दिली. राग वेगळा, ड्यूटी वेगळी.

घरात त्यांनी स्वतः कधी रिव्हर्स घेतला का? आक्कांना विचारा. आक्का म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, वरणबट्टी अशी करतात की माणूस भांडण विसरतो. "नेम सांगते," त्या म्हणतात, "लग्न झाल्यापासून स्वतःहून एकदाही मागे आले नाहीत. मागे कोणी उभं नाही म्हणतात. मी समोर उभी असते ना!" भरताच्या वांग्यावरून एकदा दोघांचं बिनसलं. वांगी जळगावची नव्हती, जिभाऊ म्हणाले होते जळगावचीच आहेत. भाजल्यावर देठापाशी बिया काळ्या कडक निघाल्या, सगळ्या आळीला कळलं. जिभाऊ हटेनात. शेवटी आक्का उठल्या, त्यांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या, खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "येऊ दे, येऊ दे." जिभाऊंनी मुकाट्यानं मान्य केलं. हा किस्सा ते स्वतः सांगत नाहीत.

गेल्या दिवाळीत पुण्याहून भाचा नवी कोरी गाडी घेऊन आला. देवपुरातल्या आमच्या गल्लीत एक टेम्पो, दोन हातगाड्या आणि एक गाभण म्हैस कायम उभी असते. भाऊबीज झाल्यावर निघायची वेळ आली. गाडी मागे काढायची होती. गाडीत बसलेले जिभाऊ उतरायला लागले तसा भाचा म्हणाला, "मामा, बसा ना. कॅमेरा आहे." आणि त्यानं गिअर टाकताच समोरच्या पडद्यावर गाडीमागची गल्ली उमटली. हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा आल्या. म्हैस दिसली. कुठूनतरी टुं टुं आवाज येऊ लागला.

जिभाऊंनी पडद्याकडे एकदा पाहिलं, भाच्याकडे एकदा पाहिलं आणि दार उघडून खाली उतरले. धोतर खोचलं. गाडीच्या मागे जाऊन त्यांनी जागा घेतली, आरशात दिसेल अशी, आणि डाव्या हाताचा पंजा डिकीवर आडवा ठेवून उजव्यानं थाप मारली. "येऊ दे!"

आत पडदा काळा झाला. भाच्यानं दोन-तीन बटणं दाबली. टुं टुं वाढतच चाललं होतं, दिसत काहीच नव्हतं. पुण्याचा पोरगा घामाघूम झाला. बाहेरून खणखणीत आवाज येत होता, "येऊ दे, येऊ दे... स्टेरिंग सोड थोडं... म्हैस बाजूले व्हयनी... येऊ दे... हां, बस!" गाडी गल्लीच्या तोंडाशी सरळ लागली. हातगाडीला धक्का नाही, म्हशीला धक्का नाही.

जिभाऊ खिडकीशी आले. काळ्या पडद्याकडे बघून त्यांनी समजुतीनं मान हलवली. "ऐन टायमाले बंद पडना," ते म्हणाले. "मी व्हतू म्हनीसन."

भाचा काही बोलला नाही. खाली उतरला, मागे गेला, रुमाल काढला आणि कॅमेऱ्याच्या काचेवर उमटलेला लाडवाच्या तुपाचा पंजा पुसून काढला. तोवर जिभाऊ शेजारच्या टेम्पोच्या मागे जाऊन उभे राहिले होते. टेम्पोवाल्याला कुठेही जायचं नव्हतं.